दोनाताच्या खोलीतला वास

राकेले लापोल्ला ऐंशीची झाली तेव्हा लोक तिच्या हातांचे मुके घ्यायला लागले. त्याआधी त्या हातांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जाड, सालपटं निघालेले, नखांच्या कडा कायम फाटलेल्या असे ते हात. आयुष्यभर गावातल्या बड्या घरांच्या चादरी त्यांनी धुतल्या होत्या. आता दुसऱ्या गावच्या बाया बसमधून उतरायच्या, धापा टाकत पायऱ्या चढून आमच्या गल्लीत यायच्या, आणि ती दारात दिसली की तिचा हात ओढून ओठांना लावायच्या. काही जणी त्यावर रुमाल घासून तो पिशवीत घडी करून ठेवायच्या. एकीनं तर आपला दुखरा कान तिच्या मनगटावर दाबून धरला होता.

बाया गेल्या की राकेले मावशी मोरीत शिरायची आणि धुण्याच्या सोड्यानं कोपरापर्यंत हात घासायची. मी समोरच राहते. माझ्या स्वयंपाकघरातून तिची मोरी सरळ दिसते. सोड्यानं कातडी सोलून निघेल, नुसता साबण का घेत नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं.

"थुंकी साबणानं जात नाही, मिकेली," ती म्हणाली आणि घासत राहिली.

हे सगळं तिच्या धाकट्या बहिणीमुळे. दोनाता गेली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि मी लहान होते, नुकती वाचायला शिकलेली. पुढे पन्नास वर्षं उलटल्यावर चर्चनं तिला 'धन्य' ठरवलं, म्हणजे संतपदाच्या एक पायरी खाली. आमच्या पिएत्राफोस्का गावाला तोवर स्वतःचं असं काही नव्हतं. वरच्या डोंगरावरच्या गावाकडे हुतात्मा संताचा दात होता, खालच्या खोऱ्यातल्या गावाकडे घाम येणारी मारियामातेची मूर्ती होती. आमच्याकडे भूकंपात तडा गेलेला घंटामनोरा आणि ओस पडलेली घरं. त्यामुळे दोनाता मिळाल्यावर गावानं तिला जी मिठी मारली, ती सोडलीच नाही.

आता खरं काय घडलं ते सांगते. दोनाता सतरा वर्षांची असताना खळ्यावरून घरी येत होती. खेचराच्या गाडीत पेंढा भरलेला, आणि त्या ढिगाच्या वर ही बसलेली, मोठ्यानं गात. गाडीचं चाक चरात गेलं आणि ती दगडांवर पडली. नाक मोडलं ते वाकडंच जुळलं. कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच. आई त्यानंतर फार टिकली नाही. बाप दिवसभर दारूच्या गुत्त्यात पत्ते कुटायचा. भाऊ दूर उत्तरेला तोरिनो शहरातल्या कारखान्यात निघून गेला. राकेलेचं लग्न एका गवंड्याशी ठरलं होतं. तो स्वित्झर्लंडला कामाला जायचा होता आणि तिला घेऊन जाणार होता. तो एक वर्ष थांबला, मग एकटाच गेला आणि तिकडचीच बायको केली. राकेलेनं त्याला कधी नावं ठेवली नाहीत. थांबून थांबून किती थांबेल, म्हणायची.

दोनाता नऊ वर्षं खालच्या खोलीत पडून होती. त्या खोलीला वास होता. आम्ही गल्लीतली पोरं त्या खिडकीखालून नाक दाबून पळायचो. उन्हाळ्यात तर माझी आई आमच्या घराची त्या बाजूची झडप लावून घ्यायची आणि अंधारात पीठ मळायची. पडून पडून दोनाताच्या पाठीवर आणि कुल्ह्यांवर जखमा झाल्या होत्या, आतपर्यंत गेलेल्या. तिला लघवी कळायची नाही, शौचाचं कळायचं नाही. राकेले सकाळी तिला धुवायची, मग नदीवर लोकांच्या चादरी धुवायला जायची, दुपारी येऊन पुन्हा तिला धुवायची.

आणि दोनाता? ती काही डोळे मिटून देवाचं नाव घेत पडलेली नव्हती. तिला सगळ्या गावाचा राग यायचा. ताटली भिंतीवर फेकायची. आमच्या जुन्या फादर कानियोंची अशी नक्कल करायची की खिडकीखाली थांबलेल्या बाया हसून वाकायच्या. फादर दर महिन्याला तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला यायचे तेव्हा एका हातात प्रसाद आणि दुसऱ्या हातानं नाकावर रुमाल धरलेला असायचा. ते गेले की दोनाता चादरीचं टोक नाकाला लावून त्यांच्याच आवाजात प्रार्थना म्हणायची. वाळवलेल्या लाल मिरच्या तेलात कुरकुरीत तळलेल्या तिला फार आवडायच्या. त्या खाल्ल्या की पोट बिघडायचं आणि ते सगळं राकेलेला निस्तरावं लागायचं, तरी ती मागायची आणि राकेले तळून द्यायची.

बाया मात्र तिच्याकडे यायच्या. वास सोसून यायच्या. ती कुणाचं सांगणं मध्ये तोडायची नाही, आणि ऐकलेलं बाहेर जायचं नाही. ती जाणार तरी कुठे होती बाहेर! एकीचा नवरा दारू पिऊन मारायचा. तिला दोनातानं सांगितलं की तो झोपला की त्याचे बूट माझ्या खाटेखाली आणून ठेव, अनवाणी पुरुष गुत्त्यात जात नाही आणि माझ्या खोलीत शिरायची त्याची छाती होणार नाही. ते बूट बरेच दिवस तिथे होते. मी पाहिलेत.

ती फेब्रुवारीत गेली. राकेलेनं त्याच दिवशी गादी मागच्या अंगणात नेऊन जाळली. धूर काळा होता आणि बर्फावर काजळी बसली.

दोनाताच्या खोलीत गुलाबांचा सुगंध यायचा असं आता सगळे सांगतात; ते गुलाब कुठून आले म्हणाल तर ते फादर कानियोंनी आणले. वाईट माणूस नव्हता तो. पण अंत्यसंस्काराच्या मिस्सेत बोलायला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की त्या खोलीत शिरताना आपल्याला गुलाबांचा सुगंध यायचा. माझ्या आईनं घरी आल्यावर शेगडीत थुंकून म्हटलं, म्हणूनच रुमाल धरायचा वाटतं. पण पुढच्या वर्षी दोघीतिघींना आठवलं की हो, आपल्यालाही यायचा. मग ज्या घरांत झडप लावून पीठ मळायचे, त्या घरांतूनही गुलाब निघायला लागले. शेवटी माझी आईसुद्धा म्हणायला लागली की कधीकधी, संध्याकाळच्या सुमाराला, थोडासा. मला तेव्हा पहिल्यांदा आपल्या माणसांची किळस आली. नंतर सवय झाली.

दिवस गेले. कुणी दोनाताच्या थडग्यावर मेणबत्ती लावली आणि सुखरूप बाळंत झाली. खालच्या खोऱ्यातल्या एका बाईची मूत्रपिंडं निकामी झाली होती, ती दोनाताला नवस बोलली आणि डॉक्टरांना काही समजेना अशी बरी झाली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती बाई जिवंत आहे, मी तिला भेटले आहे, चांगली आहे. पण तोवर आमच्याकडे नवे फादर आले होते, एजिदियो, शहरात शिकलेले, नीटनेटके, हसरे, आणि त्यांनी हे काम हातात घेतलं.

चौकशीसाठी बिशपांच्या कचेरीतून एक मोन्सिन्योर, म्हणजे वरच्या दर्जाचे धर्मगुरू, आले. राकेलेला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं, पवित्र पुस्तकावर हात ठेवायला लावला. खोलीत काही विशेष वास यायचा का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, यायचा. कसला? पूचा, मुताचा आणि फिनेलचा. आणखी काही? ती म्हणाली, आणखी काही यायला जागाच नव्हती. तो वास मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुस्तिका छापून आली तेव्हा ती मीच तिला वाचून दाखवली, कारण तिचा चष्मा फुटला होता. ती कोंबडी सोलत बसली होती. पुस्तिकेत लिहिलं होतं: 'दोनाताच्या ज्येष्ठ भगिनीने शपथेवर सांगितले आहे की त्या खोलीतला असाधारण सुगंध ती आमरण विसरू शकणार नाही.' तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग हात पुढे केला, पुस्तिका घेतली, उघडून टेबलावर पसरली आणि तिच्यावर कोंबडीची आतडी काढून ठेवली.

मग थडगं उघडायचं ठरलं. अवशेष तपासायचे असतात, ओळख पटवायची असते, तसा नियम आहे. जवळची नातेवाईक म्हणून राकेलेला हजर राहायचं होतं, आणि सोबत म्हणून मी गेले. फादर होते, डॉक्टर होते, दोन गवंडी, मठातली एक सिस्टर आणि बिशपांकडचा माणूस. दफनभूमीच्या फाटकाबाहेर निम्मं गाव उभं होतं. संतांचा देह कुजत नाही म्हणतात, म्हणून तो जसाच्या तसा निघेल, अशी सगळ्यांना आशा होती. गवंड्यांनी झाकण उचललं. आत हाडं होती, केसांचा एक गुंता, आणि लोकरी तपकिरी मोजे. ते मोजे राकेलेनं विणले होते. पायांना काही कळत नसतानाही दोनाताचं म्हणणं असायचं की पाय गारठलेत.

फादरांचा चेहरा पडला. सिस्टर हळूच म्हणाली की देवाची इच्छा, प्रत्येकीला तो मान मिळत नाही. दोनातानं जणू परीक्षेत कमी गुण मिळवले होते.

डॉक्टरनं सांगितलं की अवशेष म्हणून एक बरगडी आणि बोटांची काही हाडं काढून घेणार, त्यांचे तुकडे करून चांदीच्या डब्यांतून निरनिराळ्या चर्चना पाठवणार. राकेलेनं विचारलं, बरगडी कुठल्या बाजूची? डॉक्टर म्हणाला, काही फरक पडत नाही.

"डावीकडची घेऊ नका," ती म्हणाली. "तिची ती एकच बाजू दुखायची नाही. त्याच कुशीवर निजायची ती."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं आणि उजव्या बाजूची काढली. त्या सगळ्यांत तो एकटा मला माणसासारखा वाटला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा जुन्या शवपेटीच्या कुजलेल्या फळ्या भिंतीशी टाकलेल्या होत्या आणि बाया त्यांचे तुकडे मोडून घेत होत्या. एका बाईनं ढलपी तोंडात घातली. मी डोळ्यांनी पाहिलं. चघळली आणि गिळली.

उरलेली हाडं शहरातल्या एका कारागिराकडे गेली आणि काचेच्या पेटीतून चर्चमध्ये परत आली. आता ती हाडं नव्हती. पांढऱ्या रेशमी झग्यातली एक मुलगी होती, मेणाच्या चेहऱ्याची, सरळ नाकाची, ओठांवर बारीक हसू, पायांत साटिनचे जोडे, छातीवर जुळवलेले हात. मिटलेल्या पापण्यांना एकेक करून केस लावले होते. राकेले त्या काचेपुढे बराच वेळ उभी राहिली.

"ही कुणाची मुलगी?" तिनं विचारलं.

फादर एजिदियोंना वाटलं तिला गहिवरून आलंय. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे टिपले.

संतांचा सण त्यांच्या मरणाच्या दिवशी असतो, कारण चर्च त्याला स्वर्गातला जन्म मानतं. पण फेब्रुवारीत आमच्याकडे गुडघाभर बर्फ असतं. बर्फात मिठाईची दुकानं कोण मांडणार? तोरिनो आणि जर्मनीत गेलेली आमची माणसं सुट्टीला येतात ती ऑगस्टमध्ये. म्हणून 'धन्य' ठरल्यावर दोनाताचं फेस्त ऑगस्टमध्ये ठेवलं. रस्त्यावर दिव्यांच्या कमानी लागल्या, बँड आला, बदामाच्या चिक्कीचे आणि भाजलेल्या सॉसेजचे ठेले लागले, प्लास्टिकचे गुलाब विकायला आले. मेणाच्या मुलीला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. पेटीला बांधलेल्या फितींवर लोक टाचणीनं नोटा लावत होते. सॉसेजच्या तेलाची बोटं पँटला पुसायची आणि नोट टाचायची. राकेलेला बिशपांच्या शेजारी खुर्चीत बसवलं होतं, काळ्या झग्यात. पेटी समोरून गेली तेव्हा सगळे गुडघ्यावर आले आणि ती बसून राहिली. नंतर मला म्हणाली की श्रद्धेचा प्रश्न नव्हता. उठले असते तर बिशपांच्या बुटांवर ओकले असते.

तरीही तिनं खालची खोली चर्चला दिली. लोक आम्हाला विचारतात, इतकं होतं तर दिली कशाला. मी सांगते. तिला वाटलं, लोकांनी ती खोली पाहिली, तो अंधार, ती एवढीशी खिडकी, तर नऊ वर्षं तिथे निजणं म्हणजे काय ते त्यांना कळेल. ती वरच्या मजल्यावर राहायला गेली. फादरांनी खोली रंगवून घेतली. नवी लोखंडी खाट आणली, तिच्यावर लेसची चादर, उशीवर जपमाळ. खाटेखालचं भांडं कुठे ठेवायचं, रबरी कापड कुठे घालायचं, हे विचारायला राकेले ते घेऊन खाली आली. फादर गोड हसून म्हणाले, "मावशी, लोक श्रद्धेनं येतात." तिनं ते परत वर नेलं.

आणि मग त्या खोलीत वास यायला लागला. गुलाबांचा.

पहिल्यांदा एका बसमधल्या बायांना आला. त्या गुडघ्यांवर पडून रडल्या. मग दुसऱ्या बसला आला. राकेलेनं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. पण एका सकाळी ती कुलूप उघडायला खाली गेली, आणि तिला स्वतःला आला. ती माझ्याकडे आली ती पांढरीफटक. स्वयंपाकघरात बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मिकेली, मलाही आला," ती म्हणाली.

पुढे किती तरी दिवस ती पार बदलून गेली. पहाटेच्या मिस्सेला जायला लागली. मला विचारायची की आपलंच नाक पहिल्यापासून खराब असेल का. ओकाऱ्या येत असताना आपल्याला जे समजलं नाही ते बाकीच्या सगळ्या गावाला समजलं असेल का. फादर कानियोंचा मी उगाच राग केला, म्हणायची. एकदा मी तिला काचेच्या पेटीपुढे बसलेलं पाहिलं, त्या मेणाच्या बाहुलीची माफी मागत होती. ते बघणं मला त्या ढलपी गिळणाऱ्या बाईपेक्षा जड गेलं.

मग एके दिवशी बस लवकर येणार होती आणि राकेले नेहमीपेक्षा आधी खाली उतरली. खोलीत जेरार्दो होता, आमच्या चर्चमधला मेणबत्त्या लावणारा. भिंतीकडे तोंड करून तो पडद्यांवर एक बाटली फवारत होता. हजामाकडे असते तशी, रबरी गोळा दाबायची बाटली. तो दचकला नाही की लपवायला गेला नाही. उलट म्हणाला की बरं झालं मावशी आलात, उशीवर जरा जास्त पडलंय का बघा.

राकेलेनं विचारलं, हे कुणी सांगितलं. तो म्हणाला की सांगितलं असं कुणीच नाही, फादरांनी बाटली आणून दिली आणि म्हणाले खोली ताजी ठेव.

"आणि वास नाही आला तर रडतात हो लोक," जेरार्दो म्हणाला. "एवढ्या लांबून येतात. मला बघवत नाही."

तिनं त्याला काही केलं नाही. वर गेली आणि मला हाक मारली. मी पोचले तेव्हा ती तिच्या खुर्चीत ताठ बसली होती. ती म्हणाली की खोटं बोलतात ते मला पन्नास वर्षं माहीत होतं, त्याचं काही नाही. पण या लोकांनी मला माझ्या बहिणीचा वास विसरायला लावला. एवढंच. आणि मग तिनं मला लोखंडी सामानाच्या दुकानातून फिनेल आणायला पाठवलं, तेही मोठा डबा.

आम्ही दोघींनी मिळून ती खोली धुतली. पडदे काढले, लेसची चादर काढली, भिंती पुसल्या, फरशी घासली. तिचं वय पाहता मी तिला बसायला सांगत होते, पण ती गुडघ्यांवर रांगत खाटेखाली शिरली. मग वरून ते जुनं भांडं आणलं, कडा उडालेलं, आणि रबरी कापड, जखमा धुवायचं घमेलं, आणि कापसाचा चिमटा. ते सगळं खाटेवर मांडलं. खुर्ची ओढून शेजारी बसली. मी दाराशी थांबले.

बस पुलिया प्रांताकडची होती. फादर एजिदियो पुढे चालत माहिती सांगत होते. दारात आले आणि थांबले. फिनेलचा भपकारा गल्लीपर्यंत जात होता. मागचे लोक पुढच्यांना ढकलत आत आले आणि नाकाला हात लावून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, गुलाब कुठे आहेत.

"इथे गुलाब कधीच नव्हते," राकेले म्हणाली.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. मोठ्यानं नाही, नेहमीच्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. जखमा किती खोल होत्या ते मूठ करून दाखवलं. भांडं कसं सरकवायचं ते दाखवलं. एका बाईनं क्रुसाची खूण केली, एक पुरुष म्हणाला की म्हातारीचं डोकं गेलंय, कुणीतरी बाहेर न्या. फादर पुढे झाले आणि म्हणाले की मावशींचं वय झालंय, आपण चर्चमध्ये जाऊ या. राकेले त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली.

"एका उन्हाळ्यात अळ्या झाल्या. या चिमट्यानं मी काढल्या. माझ्यानं व्हायचं नाही. मी दारात जाऊन ओकायचे, आणि ते तिला खाटेवर ऐकू जायचं. ती म्हणायची, ओकून घे, तोंड धू, आणि परत ये, मी काही कुठे जात नाही. जगातल्या सगळ्यावर चिडायची ती. मला तिची किळस यायची, त्यावर कधी चिडली नाही. तुम्हाला संत बघायची असेल तर ती एवढी होती. बाकीचं यांनी बाटलीतून आणलं."

लोक निघून गेले. जाताना एकानं दाराच्या चौकटीला तरी हात लावून तो कपाळाला लावला.

एक बाई मात्र मागे राहिली. पास्क्वा तिचं नाव, पन्नाशीची, अंगानं आडवी, पायांत सपाता. ती फरशीकडे बघत उभी होती. तिचा नवरा झटका येऊन पडला होता, चार वर्षं झाली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मीही ओकते. दर वेळी पापनिवेदनात सांगते."

"ते पाप नाही," राकेले म्हणाली. "फादरला सांगत जाऊ नकोस. ते नाकावर रुमाल धरतात."

मग तिनं विचारलं की नवऱ्याला कुशीवर कितीदा वळवतेस, आणि दोघी तेच बोलत वर गेल्या. राकेलेनं तिला मिरच्या तळून दिल्या, पावाबरोबर. तिची बस तिला न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या पुतण्यानं तिला गाडीनं पोचवलं.

त्या संध्याकाळी फादर आले. ओरडले नाहीत, तसे ते कधीच ओरडत नसत. म्हणाले, लोकांना दिलासा लागतो, फुलांचा वास आला तर कुणाचं काय बिघडलं, आणि मनात श्रद्धा खरीच असते ना. राकेले त्यांना म्हणाली की तुमची खाट घेऊन जा. त्यांनी समजावलं, मग म्हणाले बिशपांच्या कानावर घालावं लागेल. ती म्हणाली, घाला, आणि जाताना लेसची चादरही न्या. आठवड्यातच खाट आणि चादर चर्चच्या बाजूच्या दालनात गेली. खोलीला कुलूप लागलं.

पुढे काय झालं म्हणाल, तर विशेष काही नाही. फेस्त चालूच राहिलं, दर वर्षी कमानी वाढल्या. तिच्या खुर्चीत दूरची एक चुलतबहीण बसायला लागली, तिला ते आवडायचंही. गावातल्या बऱ्याच जणांनी राकेलेशी बोलणं सोडलं. पाववाली पाव देताना तिच्याकडे बघायची नाही. अधूनमधून कुणी एकटी बाई विचारत विचारत वर यायची, घरात कुणी पडून असलेली. राकेले तिला जे येत होतं ते सांगायची. पण त्यांतल्याही एकदोघी उठताना म्हणायच्या की तुम्हीच खऱ्या संत आहात, आणि हात धरायच्या. त्या गेल्या की पुन्हा सोडा निघायचा. तिला माणसांची चीड आली होती आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. मी तिला कधी त्याबद्दल बोलले नाही. माझीही गेलेली नाही.

नव्वदीला आली असताना ती झोपेत गेली. काचेच्या पेटीजवळ जागा देतो असं फादर म्हणाले होते, पण तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं: मातीत, आईशेजारी, आणि वर जड दगड. तसंच केलं. पावसानं चिखल झाला होता, माणसं थोडी होती, जेरार्दोनं खणायला मदत केली.

घर तोरिनोच्या भाच्याकडे गेलं आणि त्यानं ते चर्चला देऊन टाकलं. खोली पुन्हा उघडली आहे. खाट परत आली, नवे पडदे लागले. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत राकेलेचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे की ती नऊ वर्षं त्या सुगंधात राहिली. आता बाटली लागत नाही. भिंतीवर एक पांढरं यंत्र बसवलंय, ते थोड्या थोड्या वेळानं आपोआप फुस्स करतं. खिडकी उघडी असली की सगळ्या गल्लीत येतो तो वास, गोड, चिकट, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना धरतो. मी धुणं आता मागच्या बाजूला नेते.